वीस लिटरच्या बॅचमधली साखर कुठे जात होती?

## पार्श्वभूमी

उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात, एक छोटी परवानाधारक ब्रूअरी आहे. मोठी यंत्रणा ५०० लिटरची. शेडच्या एका कोपऱ्यात २० लिटरचा चाचणीसंच मांडलेला आहे: जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, गॅसची शेगडी आणि मॅशसाठी, म्हणजे भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करायला, बर्फाची पेटी, मासळीवाले वापरतात तसली. अर्थात कोरी घेतलेली; बांगडा एकदा शिरलेल्या पेटीत बिअर करायची नसते. हौशी ब्रूअर जगभर घरच्या घरी जे सामान वापरतात तेच हे. फक्त इथे ते परवान्याच्या छपराखाली आहे, कारण महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आणि गोव्यात १९६४चा अबकारी कायदा, दोन्हीकडे बिअर बनवायला परवाना लागतो. तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्गात कुणी हाच संच परसात मांडला, तर ते प्रकरण वेगळ्याच अभ्यासाचं होईल.

संचावर दोघं काम करतात. ब्रूअर पुण्याकडचा, रीतसर शिकून आलेला. मदतनीस सावंतवाडीकडचा, आधी काजूच्या कारखान्यात होता, ब्रूअरला ‘दादा’ म्हणतो. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मालकांनी बोलावलं म्हणून मी यात बाहेरचा माणूस म्हणून आलो.

या संचाचं काम एकच. नवी पाककृती आधी २० लिटरवर करून बघायची, पटली तर २५ पट करून मोठ्या टाक्यांवर न्यायची. त्यामुळे इथे बिअर चांगली होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वहीतले आकडे खरे असणं महत्त्वाचं. हे आधीच सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय यावरून ठरले.

## अडचण

पाककृती पेल एल या साध्या, फिकट बिअरची होती. ५ किलो माल्ट, बहुतेक देशी बार्लीचं. उकळण्याआधी पातेल्यात २६ लिटर वर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) आणि घनता १.०४३, तासभर उकळून २२ लिटर उरावं आणि घनता १.०५० व्हावी. हा हिशेब सुमारे ७५ टक्के मॅश-कार्यक्षमतेचा, म्हणजे माल्टातून निघू शकणाऱ्या साखरेपैकी एवढी हाती येईल असं धरून. वहीत मात्र उकळण्याआधीची घनता १.०३२ लिहिलेली होती.

ज्यांना हा हिशेब नवा आहे त्यांच्यासाठी: ८० टक्के अर्काचं (अर्क म्हणजे पाण्यात उतरू शकणारा भाग) आणि ४ टक्के ओलाव्याचं माल्ट धरलं, तर एका किलोतून जास्तीत जास्त २९५ ‘लिटर-अंक’ निघतात. अंक म्हणजे घनतेतले दशांशानंतरचे तीन आकडे. १.०३२ म्हणजे ३२ अंक. पाच किलोतून १४७५ निघायला हवेत. हाती आले २६ गुणिले ३२, म्हणजे ८३२. भागाकार केला की ५६ टक्के. एप्रिलमध्ये हाच संच ६५च्या आसपास दाखवत होता. पाऊस लागला तशी घसरण सुरू झाली.

२० लिटरच्या बिअरला थोडी साखर कमी पडली तर काही आभाळ कोसळत नाही. पण हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं, प्रमाण १.०५०ला धरून घातलेलं. ३५ आयबीयूचा (कडवटपणा मोजायचं एकक) कडवटपणा त्या घनतेला शोभतो. पातळ बिअरमध्ये तोच जिभेवर चढून बसतो. मालकांनी दोन पाककृती ‘फार कडू’ म्हणून नापास केल्या. खरं तर पाककृती कडू नव्हत्याच, त्यांना आधार देणारी साखर आली नव्हती.

## समोर आलेले पर्याय

ब्रूअरचा पहिला विचार माल्ट वाढवण्याचा होता. या आकाराला तो अगदी रास्त आहे. अर्धा-पाऊण किलो जास्त माल्टाने खर्चात फार फरक पडत नाही, आणि घरगुती पातळीवर कुणी मला विचारलं तर मी बहुतेक वेळा हेच सांगतो: माल्ट वाढवा आणि झोपा. इथे ते चालणारं नव्हतं. कार्यक्षमता ५६ आहे की ६५ हेच दर वेळी वेगळं निघत असेल, तर किती वाढवायचं? आणि ५०० लिटरला नेताना कुठला आकडा धरायचा?

दुसरा पर्याय भरड बारीक करण्याचा. तिसरा, मॅश तासाऐवजी दीड तास ठेवण्याचा. चौथा, वर्ट फिरवत राहणारा तयार विजेवरचा संच विकत घेण्याचा. मालकांचा कल याकडे होता, कारण वस्तू विकत आणली की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पाचवा पर्याय पेटी सोडून पिशवीत मॅश करण्याचा. शिंप्याकडून जाळीच्या कापडाची पिशवी शिवून घ्यायची, माल्ट तिच्यातच भिजवायचं, शेवटी उचलून पिळायची. भरड कितीही बारीक चालते, गाळणं अडकत नाही. ब्रूअरने तो नाकारला, कारण मोठ्या यंत्रणेत गाळणटाकी आहे आणि चाचणी तिच्यासारखीच व्हावी असा त्याचा आग्रह होता. आग्रह समजण्यासारखा आहे. तरी माझं मत वेगळं होतं, त्याकडे शेवटी येतो.

मी एवढंच सुचवलं की काहीही बदलण्याआधी साखर नक्की कुठे हरवते ते शोधू. ती तीन ठिकाणी हरवू शकते: मोजण्यात, स्टार्चची साखर होण्यात, किंवा झालेली साखर चोथ्यात मागे राहण्यात. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

## पहिला निर्णय: आधी हायड्रोमीटर

धागा वहीतच होता. उकळण्याआधी २६ लिटर, १.०३२. उकळून २२ लिटर. हिशेबाने घनता १.०३८ यायला हवी. पण थंड करून फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) घेतलेल्या नोंदी १.०४२च्या होत्या, आणि पुढे शेरा: ‘जास्त आटलं असावं’. जास्त आटलं असतं तर लिटर कमी भरले असते. ते तर २२च होते. उकळल्याने साखर वाढत नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती नळी, २० अंश सेल्सिअसवर बेतलेला होता. मदतनीस गरम वर्ट स्टीलच्या पेल्यात घ्यायचा, पेला नळाच्या पाण्याखाली धरायचा, हाताला कोमट लागला की मोजायचा. कोकणात जुलैत नळाचं पाणीच कोमट असतं. ‘कोमट’ म्हणजे थर्मामीटरवर ४० अंश निघालं. खात्रीसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं: २० अंशांवर हायड्रोमीटर बरोब्बर १.००० दाखवत होता, ४० अंशांवर ०.९९४. म्हणजे सहा अंक कमी. वरचं १.०३२ हे खरं १.०३८ होतं. फर्मेंटरमधलं वर्ट २८ अंशांवर मोजलेलं, तिथे दोन अंकांचा फरक. खरी घनता १.०४४.

उलट बाजूला, पातेल्यातलं २६ लिटर सत्तर अंशांवर मोजलेलं होतं. गरम पाणी फुगतं. थंड केल्यावर ते साडेपंचवीस लिटर. दोन्ही दुरुस्त्या घातल्यावर कार्यक्षमता ६६ टक्के आली.

पंच्याहत्तरपर्यंत जी एकोणीस टक्क्यांची तूट वाटत होती, तिच्यातली निम्म्याहून जास्त कागदावरचीच होती. थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या सूचनांमध्ये ‘खोलीच्या तापमानाला मोजा’ असं सर्रास असतं. आपल्याकडे मे महिन्यातली खोली ३३-३४ अंशांची, म्हणजे तिथेच जवळपास चार अंक गेले. आता नमुना झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून बर्फाच्या पाण्यात बुडवतात आणि २० अंशांवर आणूनच मोजतात.

## दुसरा निर्णय: आयोडीनवर विश्वास ठेवायचा का

उरलेली तूट साखर होण्यात आहे की गाळण्यात? ब्रूअरचं म्हणणं ठाम होतं: गाळण्यात. कारण मॅशच्या शेवटी पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं की निळा-काळा रंग येत नव्हता. स्टार्च संपला, साखर झाली.

इथे बरेच जण फसतात. आयोडीन फक्त पाण्यात उतरलेला स्टार्च दाखवतं. न फुटलेल्या दाण्याच्या पोटात जो स्टार्च बसलेला आहे, त्याला पाणीच लागलेलं नसतं. तो बशीत येणार कुठून? चाचणी खोटी नव्हती, पण तिला विचारलेला प्रश्न वेगळाच होता.

त्यापेक्षा पहिल्या धारेची घनता बघणं चांगलं. स्पार्जचं पाणी (चोथ्यात राहिलेली साखर धुवून काढायचं गरम पाणी) घालण्याआधी जे वर्ट निघतं, ते किती दाट असू शकतं हे माल्ट आणि पाण्याच्या प्रमाणावरून आधीच सांगता येतं. एका किलोला तीन लिटर पाणी असेल आणि सगळा अर्क उतरला, तर पहिली धार साधारण १.०८५ भरते. चार लिटर असेल तर १.०६६. गाळण्याचा या आकड्याशी संबंध नाही, म्हणून दोष वेगळा काढता येतो.

इथे प्रमाण तीन लिटरचं होतं. पहिली धार नीट थंड करून मोजली: १.०७०. म्हणजे जेवढा अर्क उतरायला हवा त्याच्या ८० टक्केच उतरला होता. एकूण ६६ला ८०ने भागलं की गाळणीचा वाटा ८२ टक्के. एकदा पाणी घालून गाळण्याच्या पद्धतीला ८८पर्यंत जाता येतं. दोन्हीकडे गळती होती, पण मोठं भोक साखर होण्यातच होतं. ब्रूअरने हे मान्य करायला थोडा वेळ घेतला. मग स्वतःच दुसऱ्या बॅचवर पुन्हा मोजलं, आणि तिथून काम वेगाने पुढे सरकलं.

## सादळ

खरा उलगडा मदतनिसाने केला. भरडण्याआधी मूठभर माल्ट तोंडात टाकून चावायची त्याला सवय होती. तो म्हणाला, “दादा, ह्यो दाणो मोडना नाय, नुसतो चेपता.”

चांगलं माल्ट दाताखाली खुसखुशीत फुटतं आणि पीठ होतं. हे चिवट झालं होतं. पोतं मे महिन्यात उघडलेलं, आतली प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली, पोतं लाकडी फळीवर. कागदोपत्री सगळं ठीक. पण जुलैत इथल्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते; डब्यातले पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही. सुतळीने बांधलेलं माल्ट कोरडं राहणार कसं?

तोलून बघितलं. शंभर ग्रॅम भरडलेलं माल्ट घरगुती ओव्हनमध्ये शंभरच्या किंचित वर तापमानाला तीन तास ठेवलं, वजन ९ ग्रॅमनी उतरलं. कारखान्यातून निघताना माल्टात ४-५ टक्के ओलावा असतो; इथे ९ होता. याचा पहिला परिणाम सरळ: पाच किलो म्हणून तोललेल्यात जवळपास पाव किलो जास्तीचं पाणी होतं. पहिल्या धारेतली चारएक टक्क्यांची तूट एवढ्यानेच आलेली. दुसरा परिणाम जास्त वाईट. सादळलेला दाणा गिरणीच्या रुळांमधून फुटून न जाता चपटा होऊन जातो, आणि आतला स्टार्च तसाच बंद राहतो.

पावसात माल्ट वाया गेलं असं धरून पोतं गुरांना घालावं का? मालक तयार होते. ब्रूअरने आधी वाळवून बघायचं ठरवलं. ऊन नव्हतं. पण शेजारच्या गावात कोकम आणि आंबापोळी वाळवणाऱ्या एका घरगुती उद्योगाकडे विजेवरचा ट्रे ड्रायर होता, आणि जुलैत तो रिकामाच असतो. ४५ अंशांवर काही तास माल्ट पसरून ठेवलं. तापमान याहून फार वर नेलं नाही, कारण ओलसर माल्ट जास्त तापवलं तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्सच कमजोर होतात. ओलावा ५ टक्क्यांवर आला, दाणा पुन्हा कडकन फुटायला लागला. ट्रेला कोकमाचा वास होता. खाली मलमलचं कापड अंथरून तो टाळला.

वाळवल्याने सगळं परत येत नाही. या पोत्यातल्या बिअरला जुनाट धान्याची एक मंद चव राहिली, पुठ्ठ्यासारखी. म्हणून ते पोतं फक्त यंत्रणा तपासण्याच्या बॅचना वापरायचं ठरलं, चवीचा निर्णय त्यावर करायचा नाही. हा निर्णय मला फार आवडला.

नवं माल्ट आता आलं की लगेच निळ्या पिंपांत जातं, ज्यांना रबराची कड आणि लोखंडी क्लिपचं कडं असतं. एक पिंप एका वेळी उघडायचं, बाकीची बंद. पोरकिड्यांचा त्रासही त्यामुळे थांबला, जो कुणी बोलून दाखवला नव्हता पण होता.

## गिरणीच्या फटीचा घोळ

ओलाव्याचा शोध लागण्याआधी एक बॅच फसली. अख्खे दाणे दिसत होते म्हणून ब्रूअरने रुळांमधली फट कमी केली. किती होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरणीवरच्या खुणा पुसलेल्या. मदतनिसाने मोटरसायकलच्या गॅरेजमधून टॅपेट सेट करायचं फीलर गेज आणलं. फट १.२ मिलिमीटर निघाली. देशी बार्लीत सहा ओळींच्या कणसाचे बारीक दाणेही असतात, आणि ते १.२मधून निम्मेशिम्मे साबूत निसटतात. ०.९वर आणल्यावर थोडा फरक पडला, पहिली धार १.०७२. समाधान झालं नाही म्हणून एकदम ०.७.

त्या दिवशी पेटीचा नळ सात-आठ लिटरनंतर थांबला. चिवट टरफलं चिंधड्या होऊन पिठाबरोबर लगदा झालेली, वर पाणी तुंबलेलं. नळातून उलटी फुंकर मारून, ढवळून, पुन्हा बसू देऊन संध्याकाळपर्यंत कसंबसं गाळलं. भातगिरणीतून आणलेलं तूस उकळत्या पाण्यातून काढून दोन मुठी मिसळलं तेव्हा धार मोकळी झाली. तूस इथे फुकट मिळतो, आणि टरफल नसलेल्या गव्हाच्या माल्टाच्या बॅचमध्ये तो आता नेहमीच घालतात.

माल्ट वाळवल्यावर फट ०.९वर परत नेली. भरडण्याआधी दहा मिनिटं पाच किलोवर सुमारे ७५ मिलिलिटर पाणी फवारून हाताने फिरवायचं असं मी सुचवलं, तेव्हा मदतनीस वैतागला: “आत्ताच सुकयलो माल्ट, आनी आता तुमी परत पाणी मारतास?” शंका रास्त होती. फरक असा की सादळलेल्या दाण्यात ओलावा आतपर्यंत मुरलेला असतो. वरून मारलेलं दीड टक्का पाणी दहा मिनिटांत टरफलातच राहतं. टरफल लवचीक होतं, न तुटता सोलून निघतं आणि गाळणीचा थर बनतं. आतला कोरडा गर मात्र फुटतो. भरड हातात घेतल्यावर त्याला ते पटलं: टरफलं जवळजवळ अख्खी, मध्ये रवा, पीठ थोडंच. पहिली धार १.०७६.

## पाणी

यावर थोडक्यात. ब्रूअरीची विहीर जांभ्या दगडातली, पाणी मऊ, कॅल्शियम अगदी कमी. चहाला उत्तम. पण फिक्या माल्टाबरोबर असल्या पाण्यात मॅशचा पीएच खाली येत नाही. नमुना थंड करून मीटरने मोजला तेव्हा ५.८ होता; असायला हवा ५.२ ते ५.६. (आधी कागदी पट्ट्या वापरत होते. वर्टच्या पिवळ्या रंगावर त्या पट्ट्यांचा रंग वाचणं म्हणजे ज्योतिष.)

मालकांनी कोकमाचं आगळ घालायची कल्पना काढली. आंबट आहे हे खरं, पण आगळात मीठ असतं, आणि रंगाचं काय करायचं? पंधरा लिटर पाण्याला कॅल्शियम क्लोराइड २ ग्रॅम आणि जिप्सम २ ग्रॅम घातलं, म्हणजे कॅल्शियम सुमारे ६७ पीपीएमने वाढलं. त्यावर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल २ मिलिलिटर. पीएच ५.५. पहिली धार १.०७९, म्हणजे ९२ टक्के अर्क उतरला.

तापमानाचा संशय आधीच फिटला होता. पेटी ६६ अंशांवरून तासाभरात जेमतेम दीड अंश उतरते. बाहेरची हवाच २८ अंशांची असल्यावर आणखी काय होणार.

## गाळणी

पूर्वी ते भांड्याने हळूहळू पाणी ओतत आणि खालून नळ चालू ठेवत. पाणी एका कडेने वाट काढून खाली जायचं, मधला चोथा गोडच राहायचा. चमच्याने मधला चोथा काढून चाखला की कळत होतं. आता पहिली धार पूर्ण काढतात, ७५ अंशांचं पाणी एकदम घालतात, तळापर्यंत ढवळतात, दहा मिनिटं बसू देतात, मग गाळतात. पेटीच्या तळाशी दीड लिटर वर्ट नळाच्या पातळीखाली अडकत होतं. पेटीच्या मागच्या बाजूला लाकडी पाचर सरकवून ती पुढे कलती केली, त्यातलं निम्मं निघालं. गाळणीचा वाटा ८२वरून ८६वर गेला.

## निष्पत्ती

एकूण कार्यक्षमता ७९ टक्के, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे लागोपाठच्या बॅचमध्ये ती एक-दोन टक्क्यांच्या आतच हलते. पाच किलोऐवजी पावणेपाच किलो माल्टात आता १.०५० येतं. ‘फार कडू’ म्हणून नापास झालेली एक पाककृती त्याच हॉप्सनी पुन्हा केली. ती पास झाली आणि ५०० लिटरवर गेली.

८५च्या पुढे जायची ब्रूअरची इच्छा होती. तिसऱ्यांदा पाणी घालून चोथा धुतला तर ते जमेलही. पण शेवटच्या पातळ पाण्याचा पीएच चढतो, टरफलांतला तुरटपणा उतरायला लागतो, आणि वाचतं काय तर तीन-साडेतीनशे ग्रॅम माल्ट. मालकांनी इथे थांबायला सांगितलं. विजेवरच्या संचाची खरेदीही बारगळली.

## वेगळं काय करता आलं असतं

गिरणीची फट आणि माल्ट वाळवणं यांचा क्रम उलटा झाला. ओव्हन आणि तराजू दोन्ही जागेवरच होते. ओलाव्याची चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती तर अडकलेली बॅच टळली असती. त्याहून साधं म्हणजे मदतनीस माल्ट चावत होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला काय लागतं हे कुणी विचारलं नव्हतं. तोही आपणहून बोलला नाही, कारण दादाने हायड्रोमीटरचं म्हणणं ऐकायचं ठरवलेलं होतं.

क्षार आणि आम्ल एकाच बॅचमध्ये घातले गेले. त्यामुळे १.०७६वरून १.०७९वर नेण्यात कुणाचा हात किती हे सांगता येत नाही. कदाचित नुसते क्षार पुरले असते. घरी करणाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट बदलावी. इथे मोठी बॅच तारखेला ठरलेली होती म्हणून ती चैन परवडली नाही.

आणि पिशवी. मोठ्या यंत्रणेशी साम्य राखायचं म्हणून ती नाकारली गेली, पण ते साम्य तसंही अपुरं आहे: ५०० लिटरच्या टाकीतला चोथ्याचा थर कितीतरी खोल, गिरणी वेगळी, कार्यक्षमता वेगळी. मोठ्या टाकीवर नेताना माल्टाचा आकडा पुन्हा मांडावाच लागतो. मग छोट्या संचावर जे सोपं आणि न अडकणारं आहे ते का नको? ब्रूअरला हे अजून मान्य नाही. त्याचं म्हणणं, पिशवी पिळून निघालेलं गढूळ वर्ट बघून त्याला पुढचा अंदाज येत नाही. आमचा हा वाद चालू आहे.

एक गोष्ट मात्र नंतर वहीत आली. १.०७०च्या जड बिअरला माल्ट जास्त आणि स्पार्जचं पाणी त्या मानाने कमी, त्यामुळे तिथे हाच संच ७० टक्क्यांच्या आसपास येतो. पहिल्या वेळी ब्रूअरला वाटलं पुन्हा काही बिघडलं. पहिली धार मोजली, ती जिथे हवी तिथेच होती. आता वहीत हलक्या आणि जड बिअरसाठी दोन वेगळे रकाने आहेत, आणि पावसाळ्यात प्रत्येक पिंप उघडताना त्याच्या पुढे ओलाव्याचा तिसरा.